प्रती ढीगभर, बॅकअप एकही नाही

चारकोपमध्ये जागेची किंमत कुणाला शिकवावी लागत नाही. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प आला, म्हाडानं खाडीकडच्या जमिनीवर सेक्टर आखले आणि पंचवीस, तीस, चाळीस चौरस मीटरचे भूखंड लोकांना दिले. मधे मोकळं अंगण, भोवती तीस-पस्तीस घरं आणि त्या घरांची मिळून एक सहकारी संस्था. एवढ्याशा जागेत लोकांनी पोटमाळे काढले, पोरांची लग्नं केली, नातवंडं खेळवली. अशा वस्तीतल्या संस्थेच्या संगणकावर एकच पीडीएफ पाच-सहा ठिकाणी पडून असते आणि हार्ड डिस्क भरली म्हणून सभेत नव्या डिस्कच्या खर्चाला मंजुरी मागितली जाते, याचा मला मनापासून त्रास होतो.

संस्थेच्या दप्तराची आणि संगणकाची जबाबदारी माझ्याकडे आहे. चारकोपात सध्या स्वयंपुनर्विकासाचा विषय घरोघरी निघतो. जुलै २०१९ मध्ये सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालची पुनर्विकासाची सुधारित नियमावली आली, १३ सप्टेंबर २०१९ रोजी स्वयंपुनर्विकासाचा शासन निर्णय निघाला, आणि बिल्डरला न बोलावता आपलं घर आपण बांधू म्हणणाऱ्या संस्था कागद गोळा करायला लागल्या. वाटपपत्र, भाडेपट्टा, मिळकत पत्रिका, भाग दाखला, आय नमुना, जे नमुना, जुन्या सभांची इतिवृत्तं, वास्तुविशारदाचे आराखडे. हे काम व्हायलाच हवं आणि त्यासाठी लागतील तेवढे कागद मी स्कॅन करीन. माझी तक्रार स्कॅन झाल्यानंतर सुरू होते.

वास्तुविशारद आराखडा मेलनं पाठवतो. सचिव तो डेस्कटॉपवर उतरवतात. खजिनदार तोच मेल उघडून तो ‘डाउनलोड्स’मध्ये उतरवतात, उघडला नाही असं वाटून पुन्हा उतरवतात, आणि नावापुढे कंसात १ लागलेली दुसरी फाईल तयार होते. मग आराखडा व्हॉट्सअॅपच्या गटावर येतो. संध्याकाळी कुणीतरी तो ‘माहितीस्तव’ असं लिहून त्याच गटावर पुन्हा टाकतं. ज्यांना सकाळी मिळालेला असतो त्यांनाही तो पुन्हा मिळतो, आणि तेही आभार मानतात.

दर तिमाहीला बॅकअप म्हणून सगळं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ओढलं जातं. डिस्क जोडलेलीच आहे तर मागचा बॅकअपही जपून ठेवू, म्हणून कुणीतरी तो उलटा संगणकावर आणतं. पुढच्या तिमाहीत बॅकअपच्या आत बॅकअप जातो आणि त्याच्या आत त्याच्याही आधीचा. १९९०च्या दशकातलं एखादं इतिवृत्त उघडायचं असेल तर ‘बॅकअप’, ‘बॅकअप जुना’, ‘बॅकअप जुना मूळ’ अशी दारं ओलांडत जावं लागतं आणि प्रत्येक दारामागे तेच इतिवृत्त असतं.

जागा जाते ते एक वेळ सोडून देऊ. खरा घोळ सभेत होतो. दोन सभासद जिन्याच्या जागेवरून तासभर भांडतात आणि शेवटी कळतं की दोघांकडे दोन वेगळे आराखडे आहेत. दोन्ही फायलींचं नाव ‘प्लॅन अंतिम’. तिसऱ्याकडे ‘प्लॅन अंतिम नवीन’ असतो, आणि तो पहिल्याच्या ‘प्लॅन अंतिम’शी अक्षर न् अक्षर सारखा निघतो. नाव एक आणि मजकूर दोन, किंवा मजकूर एक आणि नावं दोन. फाईलच्या नावावरून काहीही कळत नाही, आणि आमचा सगळा कारभार नावांवर चालतो.

हा प्रश्न सुटलेला आहे, म्हणून मला जास्त राग येतो. मोठ्या कंपन्यांच्या बॅकअपच्या यंत्रणेत तो वीसेक वर्षांपूर्वीच सुटला. त्या पद्धतीला डीड्युप्लिकेशन म्हणतात. या धंद्यातली माणसं नुसतं ‘डीड्युप’ म्हणतात. ही यंत्रणा फाईलच्या नावाकडे बघतच नाही. ती फाईलचे लहान लहान तुकडे करते, प्रत्येक तुकड्यातल्या मजकुरावरून गणितानं एक ठसा काढते आणि हा ठसा आधी आपल्याकडे आहे का, हे सूचीत पाहते. नसेल तर तुकडा साठवते. असेल तर तुकडा टाकून देते आणि फक्त तो जिथे आहे तिथली खूण लिहून ठेवते. आपल्या आरत्यांच्या पुस्तकांत हेच केलेलं असतं: ध्रुवपद एकदा पूर्ण छापतात आणि पुढच्या प्रत्येक कडव्याखाली नुसतं ‘धृ.’ असं लिहितात. गाणाऱ्याचं काही अडत नाही आणि पुस्तक निम्म्या पानांत मावतं.

आकड्यांत सांगतो. समजा आराखडा १२ एमबीचा आहे आणि पस्तीस सभासदांकडे त्याची एकेक प्रत आहे. सगळ्यांचा बॅकअप एकत्र घेतला तर ४२० एमबी लागतील. आता आठ-आठ केबीचे तुकडे केले तर एका प्रतीचे १,५३६ तुकडे होतात. शा-२५६ या पद्धतीनं काढलेला ठसा ३२ बाइटचा असतो, म्हणजे एका प्रतीच्या सगळ्या खुणा ४८ केबीत बसतात. मूळ आराखडा एकदा आणि पस्तीस जणांच्या खुणा, असं सगळं मिळून १४ एमबीच्या आत काम होतं. यातला एकही सभासद आपली प्रत गमावत नाही. प्रत्येकाला आपली फाईल जशीच्या तशी परत मिळते.

तुकडे कुठे पाडायचे यात मात्र खरी हुशारी आहे, आणि या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच. ठरावीक मापानं कापत गेलं तर एक अडचण येते. साध्या मजकुराच्या फाईलच्या डोक्यावर कुणी नुसतं ‘श्री’ घातलं, की पुढचा सगळा मजकूर काही बाइट पुढे सरकतो. कापण्याच्या जागा होत्या तिथेच राहतात, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात जरा वेगळा मजकूर येतो आणि प्रत्येक ठसा बदलतो. दोनशे पानांत एक अक्षर वाढलं आणि यंत्राला सगळी फाईल नवी दिसली. २००१ साली एमआयटी आणि न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी एलबीएफएस नावाच्या प्रणालीत यावर उपाय वापरला. तिच्यात ४८ बाइटची एक खिडकी मजकुरावरून पुढे पुढे सरकते. प्रत्येक जागी खिडकीतल्या मजकुराचा एक हलका ठसा काढला जातो आणि त्या ठशाचे शेवटचे १३ बिट ठरवलेल्या किमतीशी जुळले की तिथे काप द्यायचा. दोनाचा तेरावा घात ८,१९२, म्हणून तुकडा सरासरी आठ केबीचा पडतो. कापण्याची जागा आता मजकूरच ठरवतो. वर ‘श्री’ घातलं तर पहिला तुकडा बदलतो, पुढे खिडकी ओळखीच्या मजकुरावर येते आणि जुन्याच जागी काप पडतात.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, बेल लॅब्जमधल्या शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी व्हेंटी नावाचं भांडार मांडलं. त्यात ठसा हाच तुकड्याचा पत्ता होता, त्यामुळे एकच मजकूर दोनदा ठेवणं शक्यच नव्हतं. २००१ साली सुरू झालेल्या डेटा डोमेन या कंपनीनं ही कल्पना बाजारात आणली. रोज रात्री टेपवर तोच तोच डेटा उतरवणाऱ्या कंपन्यांना तिनं डिस्कवर आणलं. २००९ मध्ये ईएमसीनं ती कंपनी दोन अब्ज डॉलरहून अधिक मोजून घेतली. तोच मजकूर पुन्हा न साठवण्याला एवढा भाव आला.

आणि हे सगळं लांब अमेरिकेतच घडलं असंही नाही. पुणे हे या कामाचं मोठं गाव आहे. बॅकअपच्या सॉफ्टवेअरसाठी ओळखल्या जाणाऱ्या व्हेरिटास कंपनीचं केंद्र तिथे होतं, आणि तिथून बाहेर पडलेल्या जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोतंडरामन यांनी २००८ साली पुण्यात द्रुवा ही कंपनी काढली. कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपचा बॅकअप घ्यायचा, पण डीड्युप लॅपटॉपवरच करायचं, अशी त्यांची पद्धत. लॅपटॉप आधी फक्त ठसे पाठवतो, सर्व्हर नसलेले तुकडे मागतो आणि तेवढेच तारेवरून जातात. त्या काळी भारतात सरकारी व्याख्येप्रमाणे २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ झाली. २५६च्या वेगानं एक जीबी पाठवायला साडेआठ तासांहून जास्त लागतात. एका ऑफिसातल्या शंभर लॅपटॉपवर तेच सादरीकरण असेल तर ते एकदाच वर जायला हवं, ही गरज इथल्या इंटरनेटवर काम करणाऱ्यांना कुणी समजावून सांगावी लागली नसेल.

मुंबईपासून तीन-साडेतीन तासांवर ही विद्या आहे आणि चारकोपच्या संस्थेत एक फोल्डर ओढून दुसऱ्या फोल्डरवर टाकणं यालाच बॅकअप म्हणतात.

आता यंत्राला काय जमत नाही तेही सांगायला हवं, कारण त्यातला बराचसा दोष आपल्या सवयींचा आहे. डीड्युप बाइटची बरोबरी ओळखतं, अर्थाची ओळखत नाही. आराखड्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीनं पाठवला की तो आकसला जातो. उतरवून पुन्हा पाठवला की पुन्हा आकसतो. डोळ्यांना चित्र तेच, बाइट मात्र निराळे, त्यामुळे एका फोटोच्या चार पिढ्या यंत्राला चार परकी चित्रं वाटतात. शिवाय दर फेरीला मापांचे आकडे पुसट होतात, आणि जिन्याची रुंदी तीन आहे की आठ यावर पुन्हा सभा होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाईल जशीच्या तशी जाते. हा पर्याय त्याच मेनूत, फोटोच्या शेजारीच आहे.

मराठीची तक्रार याहून मोठी. संस्थेची जुनी परिपत्रकं श्रीलिपीत टाइप केलेली आहेत. त्यातलंच एखादं कुणी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं, तर छापलेली दोन पानं सारखी दिसतात पण साठवलेल्या बाइटमध्ये काहीही साम्य उरत नाही. युनिकोडमध्येही सुटका नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन-तीन प्रकारे साठवता येतो आणि कोणत्या कीबोर्डवरून टाइप केलं त्यावर ते ठरतं. वाचणाऱ्याला कळत नाही, पण ठसा बदलतो. आणि ठशाबरोबर शोधही चुकतो. शिवाय वर्ड आता फाईल झिप करून साठवतं, त्यामुळे आत ‘श्री’ घातल्यावर त्या जागेपुढचे आवळलेले बाइट बदलत जातात. आधी झिप करून मग बॅकअप घेणारे हिशेबनीस जागा वाचवल्याच्या समाधानात असतात; प्रत्यक्षात रोजची झिप यंत्राला जवळजवळ नवी दिसते आणि जागा जास्त जाते. क्रम उलटा हवा: आधी डीड्युप, मग आवळणं, मग कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन. वेगवेगळ्या किल्ल्यांनी कुलूपबंद केलेल्या दोन सारख्या फायलींमध्ये यंत्राला सारखेपणा दिसूच शकत नाही. दिसायला नकोच, नाहीतर कुलपाचा उपयोग काय?

म्हणूनच ‘वीसपट जागा वाचेल’ असं सांगत फिरणाऱ्या विक्रेत्यांवर मी विश्वास ठेवत नाही. रोजच्या रोज घेतलेल्या पूर्ण बॅकअपवर तसा आकडा येऊ शकतो, कारण काल आणि आज यांत फरकच थोडा असतो. लग्नाच्या व्हिडिओंवर आणि मुलांच्या फोटोंवर तो एकास एकच्या आसपास राहील.

घरच्या खात्यातही हाच प्रकार. गूगलच्या मोफत खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. १ जून २०२१पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद झाली, आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही २०२४पासून याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. आराखडा मेलला जोडून आला, ड्राइव्हवर उतरवला आणि व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमध्येही गेला, की तो या जागेत तीनदा मोजला जातो. कंपनी आपल्या गोदामात काय करते याच्याशी ग्राहकाच्या मोजणीचा संबंध नसतो. याउलट ड्राइव्हवरची फाईल दुसऱ्याला नुसती पाहायला दिली, तर ती फक्त मालकाच्या जागेत मोजली जाते. दुवा पाठवला तर एकाच्या खात्यातली एकच प्रत सगळ्यांना पुरते; फाईल पाठवली तर पस्तीस जणांची जागा जाते. हे मी गटावर अनेकदा लिहिलं आहे. माझा तो संदेशही लोक कॉपी करून पुढे पाठवतात.

दुबार नोंदी काढण्याचं सगळ्यात मोठं काम सरकारनं केलं, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं. दहा बोटांचे ठसे, दोन बुबुळं आणि चेहरा. नव्या माणसाची नोंद आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहायची आणि तो आधी आलेला नसेल तरच क्रमांक द्यायचा. एका माणसाची एकच नोंद राहावी म्हणून एवढा खटाटोप. त्यातून मिळालेल्या कार्डाची झेरॉक्स मात्र बँकेला वेगळी, वकिलाला वेगळी, आणि मागच्या वेळची सापडत नाही म्हणून पुन्हा एकदा. प्रत्येक झेरॉक्सचा पुन्हा स्कॅन होतो. एका सभासदाच्या एका कार्डाच्या किती प्रती संस्थेच्या संगणकावर आहेत हे मोजायला मला भीती वाटते, कारण ती प्रत्येक प्रत चोरीला जाऊ शकते. इथे प्रश्न जागेपुरता राहत नाही. जी प्रत ठेवायची गरज नाही ती काढून टाकणं हे सभासदांप्रती आपलं कर्तव्य आहे.

लोक मला सांगतात, असू दे की, चार प्रती असलेल्या बऱ्या, एक गेली तर दुसरी मिळेल. या समजुतीशी माझं खरं भांडण आहे. एकाच डिस्कवरच्या शंभर प्रती डिस्कबरोबर एकदम जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांतल्या तळमजल्यांवरची कपाटं भिजली. मूळ कागद आणि त्याची झेरॉक्स एकाच कप्प्यात होती, ती दोन्ही भिजली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावरून आग वर गेली, पाच माणसं गेली आणि फायली राख झाल्या. एका इमारतीतल्या प्रती त्या इमारतीपेक्षा जास्त टिकत नाहीत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम साधा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आमच्याकडे प्रती तीसही निघतील, पण सगळ्या एका टेबलावर.

डीड्युपनं हा धोका कमी होत नाही, उलट वाढतो, आणि हे विकणाऱ्यानं सांगायला हवं. तुकडा एकदाच ठेवलेला असतो, त्यामुळे तो खराब झाला की त्याच्याकडे बोट दाखवणारा प्रत्येक बॅकअप तेवढ्यापुरता खराब होतो. चांगल्या यंत्रणा म्हणूनच साठवलेले तुकडे अधूनमधून ठशांशी पुन्हा ताडून पाहतात. ठशाची पद्धतही भक्कम हवी. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि अॅम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या संशोधकांनी शा-१ या जुन्या पद्धतीत एकच ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या. वेबकिट प्रकल्पातल्या कुणीतरी त्या दोन्ही चाचणी म्हणून भांडारात टाकल्या. भांडार शा-१वर विसंबून दुबार मजकूर काढत होतं. त्याचा कारभार अडला. शा-२५६मध्ये शक्य असलेल्या ठशांची संख्या ७८ आकडी आहे, आणि तिथे अशी जोडी आजवर कुणाला सापडलेली नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. रेस्टिक, बोर्ग आणि कोपिया ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, मजकूर पाहून तुकडे पाडतात आणि कुलूपही लावतात. संस्थेच्या संगणकावर त्यातलं एक बसवू. त्याचा एक साठा कार्यालयात ठेवू आणि दुसरा चारकोपच्या बाहेर, एखाद्या सभासदाच्या नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या घरी. आराखडा एकाच फोल्डरमध्ये राहील, नावात तारीख असेल, आणि गटावर फक्त दुवा जाईल. जुने ‘बॅकअप जुना मूळ’ पुसायला समितीनं मला लेखी परवानगी द्यावी.

आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हिशेबपत्रकांच्या मंजुरीनंतर एक विषय घाला, अशी सगळ्या सभासदांना कळकळीची विनंती आहे: सभासदांनी सांगितलेली कोणतीही एक फाईल सर्वांसमोर बॅकअपमधून परत काढून दाखवणे. ती निघाली नाही, तर नव्या हार्ड डिस्कच्या खर्चाला कुणीही मंजुरी देऊ नये.